पावसाळ्यात कोल्हापुरातून मालवण: करूळ, भुईबावडा, फोंडा की आंबोली?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरहून मालवणला जायचं आहे. पेट्रोलची छोटी गाडी, पाच गिअरची. चार मोठी माणसं, त्यात सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांना वळणांवर मळमळतं. चालवणारीला शहराचा आणि हायवेचा सराव आहे, घाटाचा नाही. वाटा चार दिसतात: गगनबावड्यातून करूळ, तिथूनच फुटणारा भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा आणि आजऱ्यावरून आंबोली. अंतराने करूळ जवळचा वाटतो, पण माझं मत फोंड्याकडे झुकतंय. घाट माहीत असणाऱ्यांनी सांगा, कोणता आणि का. गाडीचं काय काय बघून निघायचं तेही सांगा. आंबा घाट धरलेला नाही, तो रत्नागिरीकडे उतरतो.

घाटमाथा:
करूळच. राष्ट्रीय महामार्ग १६६ जी, तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर. २०२४ मध्ये रुंदीकरण आणि काँक्रिटसाठी तो बंद होता, त्यामुळे जुन्या माहितीवर कुणी "करूळ नको" म्हणत असेल तर ते सोडून द्या. समोरून एसटी आली तरी आता श्वास रोखून धरावा लागत नाही. गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर, खाली वैभववाडी, पुढे तळेऱ्याला मुंबई-गोवा हायवे, मग कणकवली, कसाल, मालवण.

बारा टायर:
घाट चांगला हाय, पण घाटापर्यंत पोचायला तर पायजे. पावसाळ्यात गगनबावड्याचा रस्ता घाटात कमी आणि घाटाच्या अलीकडं जास्त अडतो. पहिलं ठिकाण बालिंग्याचा भोगावतीवरचा पूल. पाणी वाढलं की तो वाहतुकीला बंद करतात. दुसरं लोंघे, किरवे. तिसरं आणि सगळ्यांत खोडीचं मांडुकली. तिथं कुंभीचं पाणी रस्त्यावर येतं आणि दोन्हीकडं गाड्यांच्या रांगा लागतात. मांडुकलीत पाणी असेल तर करूळ आणि भुईबावडा दोन्ही गेले, कारण दोन्हीची तोंडं गगनबावड्यात.

पाटाचं पाणी:
बारा टायर यांच्या म्हणण्यात एक भर. बरेच जण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून ठरवतात. तिथे इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पण ती पंचगंगेची, म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्यांचं पाणी एकत्र आल्यानंतरची. मांडुकलीला फक्त कुंभीचा प्रश्न आहे. गगनबावडा तालुक्यात रात्रभर कोसळला आणि कोल्हापुरात नुसती भुरभुर असली, तर बंधाऱ्यावर ३० फूट दिसतील आणि मांडुकलीत रस्ता पाण्याखाली असेल. उलटही होतं. वर पाऊस थांबल्यावर मांडुकली मोकळी होते आणि बंधाऱ्यावर पातळी चढतच राहते. म्हणून गगनबावड्याचा आदल्या चोवीस तासांचा पाऊस बघायचा, शहराचा नाही.

रंकाळाकाठ:
हे अजिबात लक्षात आलं नव्हतं. मग फोंड्याच्या वाटेवर असं ठिकाण कोणतं?

पाटाचं पाणी:
राधानगरीचा रस्ता वाशी, हळदी, परितेवरून जातो, म्हणजे बराचसा भोगावतीच्या काठाने. नेहमीच्या पावसात तो चालू राहतो, महापुरात त्याचाही भरवसा नाही. इथे राधानगरी धरणावर लक्ष ठेवायचं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक. "दोन दरवाजे उघडले" एवढ्याने रस्ता बंद होत नाही. पाच-सहा उघडले आणि खालच्या पट्ट्यातही जोराचा पाऊस असला, तर त्या दिवशी निघू नका.

आजरा घनसाळ:
आंबोलीची बाजू कुणी मांडलीच नाही. संकेश्वर-बांदा महामार्ग, ५४८ एच, गडहिंग्लज, आजरा, आंबोली. कोल्हापुरातून कागल, निढोरी, उत्तूर करत आजऱ्याला येता येतं. घाट उतरला की दाणोली, मग सावंतवाडी, कुडाळ, मालवण. अंतर वाढतं हे खरं, पण आंबोलीत थांबायची सोय चांगली. आजींना विश्रांती मिळेल. हिरण्यकेशीचं उगमस्थान, कावळेसाद, सगळं आसपासच.
एकच अट, शनिवार-रविवार नको. मुख्य धबधबा रस्त्याला लागूनच आहे. लोक गाड्या वळणावर उभ्या करून पायऱ्या चढतात आणि घाट तासन् तास तुंबतो. मंगळवारी-बुधवारी सकाळी तोच घाट रिकामा असतो.

करवीरकर:
आजरा घनसाळ, निढोरीला वेदगंगा आहे, ती विसरू नका. आणि निपाणीवरून जायचं म्हणाल तर यमगर्णीलाही तीच नदी. २०२१ च्या जुलैत तर हायवेच बंद पडला होता. जवळजवळ प्रत्येक वाटेच्या आधी एक नदी आहे. आधी नदी विचारायची, मग घाट.

आजरा घनसाळ:
मान्य. वेदगंगा चढली असेल तर आंबोलीचा आग्रह नाही.

पन्हाळ्याची झुळूक:
आंब्याला जाणाऱ्यांसाठीही लिहून ठेवते, धागा नंतर कुणी वाचेल. १६६ क्रमांकाच्या रत्नागिरी रस्त्यावर शहराबाहेरच अडतं. "रेडेडोह फुटला" असं ऐकलं की आंबेवाडी-केर्ली पट्ट्यात पाणी आलं असं समजायचं. पुढे मलकापूर, आंबा, साखरपा. २०२१ च्या जुलैत याच घाटात रस्ता खचला आणि नंतर बराच काळ फक्त हलक्या वाहनांना सोडत होते. आंबा गावातली निवासं, विशाळगडाची वाट वगैरे घाटमाथ्यावरच आहे. तेवढंच करायचं असेल तर घाट उतरायची गरज नाही.

जांभा:
दरडी कुठे आणि का येतात हे कळलं तर कुठे थांबायचं नाही हेही कळतं. आपल्या घाटांचा कातळ बेसाल्टचा, थरांवर थर. माथ्यावर बऱ्याच ठिकाणी जांभ्याची टोपी. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. त्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो, तो पाणी पुढे सोडत नाही. मग वरचा सगळा भार त्या ओल्या, निसरड्या थरावर बसतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तिथेही हेच होतं. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापला की त्या भाराचा टेकू गेला. पहिल्या पावसात सुटे दगड येतात. मोठी दरड बहुधा दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर येते, कारण माती पूर्ण भिजायला वेळ लागतो. म्हणून "आज पाऊस उघडलाय" म्हणजे घाट सुरक्षित, असं नाही.
रस्ता खचण्याचं कारण वेगळं. डोंगराकडचं गटार किंवा मोरी दगड-पाल्याने तुंबते, पाणी रस्त्यावरून दरीकडे वाहतं आणि भराव खालून पोखरतं. वरून डांबर शाबूत दिसतं, खाली काही नसतं. दरीच्या बाजूला रस्त्याला समांतर लांब भेग दिसली, कठडा बाहेर झुकलेला दिसला, तर गाडी डोंगराच्या बाजूने न्यायची आणि थांबायचं नाही. स्वच्छ वाहणारं पाणी अचानक गढूळ लाल झालं, वरून खडे टपकायला लागले, झाडं तिरकी झालेली दिसली, तर अलीकडेच थांबून मागे फिरायचं. धबधब्याखाली उभं राहणाऱ्यांनीही हे वाचावं. वरून नुसतं पाणी येत नाही, दगडही येतात.

घाटमाथा:
जांभा, फार उपयोगी. करूळच्या काँक्रिटबद्दल एक गोष्ट यात जोडतो. काँक्रिटची कड आणि साइडपट्टी यांत काही ठिकाणी उंचीचा फरक असतो. समोरच्याला जागा देताना डावी चाकं खाली उतरली, तर घाईने स्टिअरिंग उजवीकडे ओढू नका, गाडी झटक्यात समोरच्या बाजूला जाते. वेग आधी कमी करायचा, मग हळू वर घ्यायची.

स्टेपनी:
आता गाडीकडे येऊ. उतारावर ब्रेक का जातात? सारखा पाय ठेवला की पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलला पोचते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर १४० लाच उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून:
ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्याआधी बदला. खर्च किरकोळ आहे. पॅड किती उरलेत ते चाक काढून बघा, ३ मिलिमीटरच्या आत असतील तर नवे टाका. टायरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण पावसात ३ च्या खाली टायर पाणी कापत नाही. हवा कंपनीने सांगितलेली, चार माणसं आणि सामान धरून, थंड टायरमध्ये. वायपरचं रबर नवं. हेडलाइट, ब्रेकलाइट दुसऱ्या माणसाला मागे उभं करून तपासा.

बारा टायर:
आणि सगळ्यांत मोठं: न्यूट्रल करू नका. लई जण पेट्रोल वाचतंय म्हणून करतात.

स्टेपनी:
पेट्रोल वाचतही नाही. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाचं इंधन बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, आणि ब्रेकवर सगळा भार.
नियम जुनाच: ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. तीव्र वळणांत दुसरा, सरळ उतारावर दुसरा किंवा तिसरा. वेग वाढला की ब्रेक ठाम दाबून वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. हलका हलका पाय ठेवून राहू नका. गिअर वळणाच्या आधी बदला, वळणात क्लच दाबू नका. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं तर रुंद जागा बघून दहा-पंधरा मिनिटं थांबा. गरम चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते.

खासबाग:
एएमटी गाडीचं काय? आमच्याकडे क्लचचं पेडल नाही.

स्टेपनी:
मॅन्युअल मोडवर टाका आणि दुसरा धरा. डी मध्ये ठेवली तर ती वरचा गिअर घेत राहते आणि उतारावर गाडी मोकळी पळते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक असेल, तर लिव्हर एल किंवा बी वर. चढावर थांबायची वेळ आली तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो. हँडब्रेक लावा.

खासबाग:
आणि इलेक्ट्रिक? वर चढताना बॅटरी संपते अशी भीती घालतात.

स्टेपनी:
गणित सोपं आहे. माणसांसकट १६०० किलोची गाडी ६०० मीटर वर उचलायला साधारण २.६ युनिट वीज लागते, नुकसान धरून तीन-साडेतीन. ३० युनिटच्या बॅटरीतून दहा-बारा टक्के. म्हणजे परतताना घाटाच्या पायथ्याशी सपाटीच्या हिशेबापेक्षा पंधरा टक्के जास्त शिल्लक ठेवा, झालं. उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळतं आणि ब्रेकही थंड राहतात. मात्र घाटमाथ्यावर मुक्काम करून तिथेच शंभर टक्के चार्ज करून उतरू नका. भरलेली बॅटरी वीज परत घेत नाही, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ८५ टक्क्यांवर चार्जिंग काढा.

तिकटीवरचा:
दुचाकीवाल्यांसाठी दोन ओळी. गिअरलेस स्कूटरला इंजिनचा ब्रेक थोडाच असतो, आणि वेग फार कमी झाला की आतला क्लच सुटतो, मग तोही राहत नाही. घाट उतरताना दोन्ही ब्रेक आलटून पालटून नाही, एकत्र आणि टप्प्याटप्प्याने. ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेलं असेल तर सपाटीवर हलका ब्रेक धरून शंभरेक मीटर चालवा, सुकतो. तीव्र उताराच्या तिलारी घाटाकडे पावसात स्कूटर नेऊ नका.

धुकट सकाळ:
धुक्याचा विषय राहिला. समुद्राकडची दमट हवा कड्यावर चढते, थंड होते, म्हणून धुकं माथ्यावर सर्वांत दाट. गगनबावडा आणि आंबोली दोन्हीकडे बोनेटपुढे काही दिसत नाही अशी वेळ येते. दोन-चार वळणं उतरलं की बहुतेक वेळा निवळतं. माथ्यावर थांबून चहा घेतला तरी अर्ध्या तासात फरक पडतो.
दिवे डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर ठेवा. अप्पर लावला तर धुक्याची पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावू नका. वळताना तुमचा इंडिकेटर मागच्याला कळत नाही आणि तुम्ही उभे आहात असं त्याला वाटतं. काच आतून धुरकट झाली तर एसी चालू करून बाहेरची हवा घ्या, झोत काचेवर. बाहेरून धुरकट होत असेल तर काच जास्त थंड झाली आहे, वायपर मारा आणि एसीचा गारवा कमी करा. लोक हे दोन्ही एकच समजतात आणि उलटा उपाय करतात.

बारा टायर:
मोठ्या गाडीवाल्याची बाजूबी ऐका. ट्रक आणि एसटीला आवळ वळण घ्यायला पलीकडची जागा लागते. तुम्ही वळणाच्या अगदी तोंडाशी नाक घालून थांबला तर त्याला वळताच येत नाही, आणि चढावर थांबलेली भरलेली गाडी परत उचलणं अवघड. वळणाच्या गाडीभर अलीकडंच थांबा. चढणाऱ्याला वाट द्यायची, हे नियमातच हाय. हॉर्न प्रत्येक आंधळ्या वळणाला, एकदा, लांब. आणि एक विनंती, पंक्चर काढताना चाकाला दगड लावला तर जाताना तो रस्त्यावरनं उचला. तसले सोडलेले दगड मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततात.

पन्हाळ्याची झुळूक:
बारा टायर यांच्या शेवटच्या ओळीला शंभर वेळा अनुमोदन.

मालवणी मसाला:
आजींच्या मळमळीवर: पुढच्या सीटवर बसवा, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगा. निघण्याआधी दीड-दोन तास हलकं खाणं, अगदी उपाशी नको. भाकरी-चटणी चालेल, मिसळ परतल्यावर. आल्याची वडी किंवा लिंबू जवळ ठेवा. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, कारण या वयात बीपीच्या औषधांशी जमतंय का बघावं लागतं. आणि ती घाट सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर नाही. चालवणाऱ्याने वळणात झटके दिले नाहीत तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

उसाचं कांडं:
भुईबावड्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही.

घाटमाथा:
दृश्य अप्रतिम, रस्ता अरुंद. खारेपाटणच्या बाजूला उतरतो, म्हणजे मालवणला जाणाऱ्यांना उगाच उत्तरेला. करूळ बंद असेल तेव्हाचा पर्याय. गगनबावड्यात वेळ असेल तर पळसंब्याची रामलिंगाची लेणी बघा, झाडीत लपलेली आहेत.

करवीरकर:
राजापूरला जायचं असेल तर बाजारभोगाव, करंजफेण करत अणुस्कुरा घाटही आहे, खाली पाचल. पण पावसात तिथे दरडी पडतात आणि वाहतूक तुरळक, अडकलात तर मदत उशिरा पोचते. ताईंच्या कामाचा नाही.

दाजीपूरची वाट:
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे, फोंडाच धरा. कारण अंतर नाही. या घाटाची वळणं त्या मानाने सैल, चढ-उतार सावकाश, म्हणून देवगड-निपाणी मार्गावरची जड वाहनं कायम इथूनच जातात. कासार्ड्याच्या सिलिका वाळूचे ट्रकही. नवख्या चालकाला आणि मळमळणाऱ्या माणसाला सैल वळणं हाच मोठा फायदा. उतरलं की फोंडा गाव, तिथून कणकवली.
दोन गोष्टी सांभाळा. राधानगरी सोडल्यावर दाजीपूरपर्यंत अभयारण्याचा पट्टा आहे, १९५८ पासून राखलेला, गव्यांसाठी. संध्याकाळी आणि पहाटे गवे रस्त्यावर येतात. एक दिसला तर मागे कळप असतो. गाडी लांब थांबवा, दिवे खालच्या झोतावर, हॉर्न नाही, खाली उतरणं नाही. पिल्लू असेल तर आणखी मागे घ्या. सगळा कळप ओलांडून गेल्यावर मिनिटभर थांबून निघा. दुसरं, या पट्ट्यात मोबाइलची रेंज तुटते. नकाशा आधी उतरवून ठेवा, घरच्यांना राधानगरीतून फोन करा. टाकी कोल्हापुरातच भरा.
सकाळी सातला रंकाळ्यावरून निघालात तर घाट दिवसाउजेडी आणि गव्यांची वेळ टळलेली.

आजरा घनसाळ:
दाजीपूरची वाट यांच्याशी सहमत. आंबोली परतीच्या वेळी ठेवा, मधल्या वारी, दुपारच्या आत.

जांभा:
परतताना चढ आहे, तेव्हा इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. वर जायला लागला तर एसी बंद, रुंद जागी थांबून इंजिन चालूच ठेवा म्हणजे पंखा फिरत राहील. वाफ दिसली तर मात्र लगेच बंद. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

रंकाळाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: मंगळवारी सकाळी सातला, राधानगरीमार्गे फोंडा. आदल्या दिवशी राधानगरी आणि गगनबावड्याचा पाऊस, धरणाचे दरवाजे आणि राजाराम बंधारा बघायचा. सलग तीन दिवस मुसळधार झाला असेल तर दोन दिवस पुढे ढकलायचं. ब्रेक ऑइल या आठवड्यात बदलते, तीन वर्षं झाली आहेत. आजी पुढे बसतील. अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

पाटाचं पाणी:
तातडीला ११२. रस्ता बंद आहे का, दरड कुठे आली, यासाठी जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. घाट ओलांडला की तोच क्रमांक सिंधुदुर्ग कक्षाला लागेल, म्हणून फोंड्याच्या खालच्या बाजूचं काही विचारायचं असेल तर जिल्हा स्पष्ट सांगा.

बारा टायर:
ताई, मंगळवारी पहाटे राधानगरीकडनं गाडी घेऊन येणारे आपले दोघं-तिघं असतात. सहाच्या आत हळदी आणि परित्याजवळ रस्ता कसा हाय ते याच धाग्यावर टाकतो. ते बघितल्याशिवाय निघू नका.